डावीकडचा चेंडू

"डायवरसाहेब, ह्यो बी गेला की. डुलकी लागली का काय?" कारभारी कंडक्टर हसत म्हणाले.

मामंजी हसले नाहीत. हातातल्या डबीचं बटण त्यांनी स्टिअरिंग फिरवावं तसं सावकाश फिरवलं. तोवर टीव्हीच्या पडद्यावरचा बारका ठिपका डाव्या कडेला जाऊन दिसेनासा झाला होता. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड गहू निवडायला बसले होते, पण सूप मांडीवरच राहिलं होतं.

त्र्याहत्तर सालचा उन्हाळा होता तो. माझे धाकटे दीर राधाकृष्ण बोटीवर फिटर होते. त्यांनी अमेरिकेहून एक लहानसा टीव्ही आणि त्याला जोडायचा हा खेळ आणला होता. केडगावात तेव्हा टीव्हीवर नुसत्या मुंग्या दिसत. खेळ जोडला की मुंग्या जात आणि तीन पांढरे ठिपके उरत. दोन मोठे म्हणजे खेळाडू, बारका तो चेंडू. बास्केटबॉलचं मैदान छापलेला एक पारदर्शक कागद ओलं बोट फिरवून काचेवर चिकटवायचा. त्यावरच्या जाळीत ठिपका गेला की बास्केट झाली. आवाज नाही, काही नाही. कोणाच्या किती झाल्या हेसुद्धा त्या पेटीला कळत नसे. खेळणाऱ्यानंच खरं काय ते सांगायचं.

माझे सासरे सूर्यभान एस.टी.वर ड्रायव्हर होते. नगर-संगमनेर गाडी. इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नव्हता. घरात जेवायला पाट मांडला तरी फलाटाला गाडी लावल्यासारखा सरळ मांडायचे. त्या माघात त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि डावा हात लुळा पडला. दीर म्हणाले, ही बटणं फिरवत राहा, बोटं सुटतील. दीर बोटीवर परत गेले, खेळ मागं राहिला आणि बोटं खरंच सुटली. सासूबाईंनी, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो, देवीला नारळ फोडला.

सोमवारी नगरला डॉक्टरची तपासणी होती. कारभारी त्यांच्याच गाडीवरचे जुने कंडक्टर, त्यांना सगळं ठाऊक. समोरची अक्षरं वाचायची, हात वर करायचे, चालून दाखवायचं, झालं. सोमवारी पास, मंगळवारी संगमनेर.

संगमनेर म्हटलं की मला तो रस्ता दिसायचा. दुष्काळी कामं चालू होती. त्या रस्त्याच्या डाव्या कडेनं बायामाणसं खडी फोडत बसलेली असत. माझी आई त्यात होती. उन्हाचं डोळ्यावर येतं म्हणून रस्त्याकडं पाठ करून बसायची. आणि मी रोज उंबऱ्यातून बघत होते, मामंजींना डावीकडचा चेंडू दिसत नव्हता. हात बरा झाला होता, डोळेही समोरचं सगळं बघत होते, पण डाव्या अंगाचं जग त्यांच्यापुरतं पुसलं गेलं होतं.

नवऱ्याला सांगितलं तर ते चिडले. "खेळनं हाय ते. तोंडातनं भाईर काढू नको. मी नागापूरच्या कारखान्यात अजून कच्चाच कामगार हाय. आप्पांचा पगार गेला तर खायाचं काय?"

मामंजींना सांगण्याचा तर प्रश्नच नव्हता. लग्न होऊन आल्यापासून मी त्यांच्याशी एक शब्द थेट बोलले नव्हते. आमच्यात तशी रीत होती. काही सांगायचं तर आत्याबाईंना सांगायचं, त्या पुढं सांगणार. त्यांना तरी कुठल्या तोंडानं सांगू? त्या खाकी कपडे धुऊन, तांब्यात निखारे घालून इस्त्री करत होत्या.

रविवारी कारभारी पुन्हा खेळायला आले. आत्याबाई गिरणीत दळणाला गेल्या होत्या. मी पदर सावरून चहा नेला. कारभाऱ्यांच्या हातात कप दिला. ते मामंजींच्या उजवीकडं बसलेले, म्हणून मामंजींचा कप मी डावीकडच्या स्टुलावर ठेवला आणि आत आले.

कारभाऱ्यांचा चहा संपला.

"आज आमाला चहा न्हाई व्हय?" मामंजी म्हणाले.

कारभाऱ्यांना वाटलं, थट्टा आहे. ते हसले. मग त्यांची नजर स्टुलावर गेली. चहावर साय धरली होती. ते कपाकडं बघतच राहिले. निरोप सांगायला घरात दुसरं कोणी नव्हतं.

"डाव्या हाताला हाय, मामंजी," मी म्हणाले.

माझा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला असेल. त्यांनी मान पार वळवली तेव्हा त्यांना कप सापडला. पण उचलला नाही.

"पोरी, तू उंबऱ्यातनं बघती रोज. कंचा चेंडू सुटतो माझा?"

"डावीकडचा."

"समदे?"

"समदे, मामंजी."

"आवं, डॉक्टर काय चेंडू टाकून बघनार हाय का?" कारभारी कसेबसे म्हणाले.

मामंजींनी तिकडं लक्ष दिलं नाही. "तुजी आई खडी फोडाया कुठं बसती गं?"

मी जागा सांगितली. त्यांनी गार चहा पिऊन टाकला आणि टीव्ही बंद केला.

सोमवारी ते कडक इस्त्रीची खाकी घालून, छातीला बिल्ला लावून गेले. काय ठरवलंय, कोणाला बोलले नाहीत. मी दिवसभर घागरी इकडून तिकडं ठेवत राहिले. दिवस कलला तशा आत्याबाई आणि मी रस्ता ओलांडून थांब्यावर येऊन उभ्या राहिलो.

पुण्याकडं जाणारी गाडी थांबली. कामावर नसले तरी मामंजी ओळखीच्या ड्रायव्हरशेजारी बसून यायचे आणि त्याच्याच दारातून उतरायचे. आज ते मागच्या दारातून, भाजीच्या पाट्या घेतलेल्या बायांच्या मागून उतरले. बिल्ला नव्हता, खिशावर दोन बारीक भोकं तेवढी होती.

आज ह्या गाडीवर कंडक्टर कारभारीच होते; सकाळी तपासणीला तेच मामंजींसोबत गेले होते. दारातून ओणवे होऊन आत्याबाईंना म्हणाले, "वैनी, अक्षरं समदी बिनचूक वाचली. डॉक्टर सही करत हुता. तवा ह्यांनीच सांगितलं, डाव्या अंगाचं दिसत न्हाई."

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. कारभाऱ्यांनी दोनदा घंटी दिली आणि गाडी गेली.

घर रस्त्याच्या पलीकडं होतं. मामंजी कडेला येऊन उभे राहिले. त्यांनी आधी उजवीकडं पाहिलं. मग खांद्यासकट सगळं अंग डावीकडं वळवलं, लांबून येणारी एक रिकामी बैलगाडी पुढं निघून जाईस्तोवर थांबले, आणि मग सावकाश रस्ता ओलांडून घराकडं गेले.