दुसरा पाय

मगनभाईंना मुलाच्या साखरपुड्याची धास्ती नव्हती, पाय धुण्याची होती. मुलीचा बाप व्याह्याचे पाय परातीत घेऊन धुणार, आणि त्यांचा डावा पाय तर उजव्याच्या दुप्पट. तो दिसला की सोयरीक मोडलीच, हे त्यांनी मनाशी पक्कं करून टाकलं होतं. आणि मुलगा भूपेंद्र तर त्या मुलीपायी जेवणखाण विसरलेला.

आधी दोन वर्षं तो पाय वाताचा म्हणून एरंडाच्या पाल्यात गुंडाळून झाला. शेवटी आरोग्य केंद्रातल्या रोशनी सिस्टरने ओळखलं, हा हत्तीपाय. ठिबकची नळी तुंबावी तशी अंगातल्या पाण्याची वाट तुंबते. डासांमुळे होतो, शिवल्याने नाही. पूर्ण उतरेलच असं नाही, पण रोज साबणाने धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा, बसताना पाय उंच ठेवा. तेव्हापासून मगनभाई त्या पायाचे एवढे लाड करू लागले की बायकोला, पार्वतीबाईंना, घरात सवत आल्यासारखं वाटे.

साखरपुड्याला पुरुषोत्तमनगरला मुलीच्या घरी त्यांनी उजवा पाय परातीत ठेवला आणि डावा धोतरासकट खुर्चीखाली दडवला.

"दुसरा पाय?" मुलीचे वडील हेमराजभाई म्हणाले.

"तो घरथीनच धुई आनेल शे."

मंडळी हसली. हेमराजभाईंना मात्र पूर्ण पुण्य हवं होतं. त्यांनी पाय धरून पुढे ओढला, आणि तो केवढा सुजलेला ते सगळ्यांनी पाहिलं. गडबडून हेमराजभाई तो पंच्याने खसाखसा पुसू लागले, तेव्हा मगनभाईंना सोयरिकीचा विसरच पडला.

"घसू नका, टिपा. बोटेसना मझार बी. साबन कोठे शे? आनि एक उशी आना."

उशी आली. पाय तिच्यावर चढल्यावर मगनभाई भानावर आले, आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात मुलीची आई, नूतनबेन, पुढे आल्या. छातीच्या गाठीच्या ऑपरेशननंतर सुजलेला हात त्यांनी पदराखालून बाहेर काढला. त्यात एकही बांगडी चढलेली नव्हती. व्याह्यांनी बघू नये म्हणून त्याही झाकून बसल्या होत्या.

"ह्या हातले बी उशी चाली का?"

मगनभाईंचे डोळे भरून आले. "चाली. पन पहिले डॉक्टरले दखाडा."

दुसरी उशी आली. हेमराजभाईंनी सगळ्यांकडे पाहून विचारलं, "आनखी कोनी काही झाकेल शे का?"

भूपेंद्रने गुपचूप टोपी उतरवली. खाली तुळतुळीत टक्कल.

"माले ठाऊक व्हतं," नवरी म्हणाली, आणि अंगठीसाठी बोट पुढे केलं.