बाटलीवरचं शून्य

झियादचं पोट कितीतरी दिवस साफ नव्हतं. दुधाला तोंड लावत नव्हता, पाणी मात्र घटाघटा प्यायचा. रक्त तपासलं, तर 'ड' जीवनसत्त्व भलतंच वाढलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "थेंब कोण देतं?"

"मी देते," आजी हाज्जा इन्साफ म्हणाल्या. "रोज, बिस्मिल्ला म्हणून."

गिझलानच्या, म्हणजे पोराच्या आईच्या अंगाचा तिळपापड झाला. लहान मुलांच्या खाण्यात कुठलं जीवनसत्त्व किती, हे प्रयोगशाळेत तपासणं तिचं रोजचं काम. नणंदेने कुवेतहून बाटली पाठवली तेव्हाच तिने पाहिलं होतं: दुधाच्या पावडरीत 'ड' पुरेसं आहे, वर हे जहाल थेंब नकोत. पण तोंडाने सांगायला जावं, तर इजिप्तच्या हाज्जा या सुनेच्या मोरोक्कन बोलीला हसायच्या. "पुन्हा बोल गं, खडे चघळतेयस का?" म्हणून तिने बाटलीला पट्टी चिकटवून थेंबांचा आकडा लिहिला आणि बोलायचा त्रास वाचवला.

"मी मनाई केली होती, डॉक्टर. लिहून. पण आमच्याकडे सुनेचं ऐकतो कोण? पोराचं काही का होईना, यांचा शब्द खाली पडायला नको." भांडताना तिची इजिप्ती बोली झकास निघे. बाहेर बाकावरच्या बायका कान देऊन ऐकू लागल्या.

हाज्जांनी पिशवीतून बाटली काढली. "बघ बाबा, पाच लिहिलंय. पाचच दिले. सहावा पडला तर चमचा पुसून पुन्हा मोजायचे."

डॉक्टरांनी पट्टी वाचली. "पाचच आहे की."

गिझलानने पाहिलं. तिने काढलेलं शून्य. तिच्या माहेरी शून्य गोल, इथे अलेक्झांड्रियात तेच गोल म्हणजे पाच, शून्याला नुसतं टिंब. याच आकड्यांनी ती रोज बाजारात टोमॅटो घेत होती. धरणी पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं.

"मीच चुकले असेन," हाज्जा पुटपुटल्या. "सून शिकलेली आहे. तिला बोलू नका. पोरगं बरं होईल ना?"

"होईल. वेळेवर आणलंत."

गप्प बसली असती तर निभावलं असतं. "हाज्जा, तुम्ही बरोबर वाचलंत. मीच चुकीचं लिहिलं," ती म्हणाली, पण घाईत, आपल्या मोरोक्कन बोलीत.

हाज्जांनी डॉक्टरांकडे पाहिलं. "काय म्हणाली ती?"

डॉक्टरांनाही कळलं नव्हतं. बाहेरच्या बायका वाट बघत होत्या. गिझलानने घसा साफ केला आणि सगळ्यांना समजेल अशा बोलीत, एकेक शब्द सुटा करून, पुन्हा सांगितलं.