नावं कवा घेत्यात

खंडूनं सुतळीचं एक टोक विहाराच्या खांबाला बांधलं, दुसरं पायाच्या अंगठ्याखाली दाबलं आणि खुर्च्यांची पहिली रांग सुतळीला लावून घेतली. एक खुर्ची वीतभर पुढं आली होती. ती त्यानं मागं सारली, चार पावलं लांब जाऊन पाहिली, परत येऊन अजून जराशी मागं सारली. बुद्धपौर्णिमेचा दिवस होता. ऊन उतरायला लागलं होतं, तरी प्लॅस्टिकच्या खुर्च्या हाताला चटका देत होत्या.

त्याची लेक करुणा राहू गावच्या स्टँडवर उतरली ती घरी न जाता थेट विहारापुढच्या मैदानात आली. दरसाल ती यायची तेव्हा इथं ताडपत्र्या अंथरलेल्या असायच्या आणि बायका दुपारपासूनच गोधड्या टाकून आपापली जागा धरून ठेवायच्या. पिशवी हातात तशीच धरून ती रांगांकडं बघत राहिली.

"आप्पा, ह्या खुर्च्या कशाला?"

"सभा हाय," खंडू म्हणाला. "तुमच्या दौंडला हायेत का न्हाई? भांडगावच्या मंडपवाल्याकडनं आणल्यात."

मग त्यानं तिला एकेक गोष्ट हिंडून दाखवली. स्टेजच्या अंगाला 'शांतता राखा' असा बोर्ड लावला होता, तो त्यानंच निळ्या रंगानं रंगवला होता. चहाची किटली यंदा मैदानात फिरणार नव्हती, ज्याला प्यायचा त्यानं आधीच प्यायचा. तान्ह्या पोरांच्या आयांनी कडेला बसायचं, पोर रडलं की उठून बाहेर जायचं. आणि खंडूच्या सदऱ्याला लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून केलेला बिल्ला होता, त्याला लाल फीत. गुऱ्हाळावर उकळत्या कढईशी उभं राहून ज्याची हयात गेली त्या माणसानं फितीची कड मेणबत्तीवर धरून नीट केली होती, धागे सुटू नयेत म्हणून.

"कसं वाटतंय?" त्यानं विचारलं.

करुणानं "छान" म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

हे सगळं कुठून आलं ते तिला ठाऊक होतं.

करुणा दौंडला बँकेत होती. बँकेतल्या वैष्णवी मॅडम, दोन डॉक्टर आणि काही शिक्षक मिळून दर मे महिन्यात एका शाळेच्या हॉलमध्ये उन्हाळी संगीत महोत्सव भरवायचे. करुणाला त्यात स्वयंसेवकाचा बॅज मिळाला होता. नुसत्या बॅजपायी ती जात नव्हती, एवढं तिच्या बाजूनं सांगायला हवं. तिथलं तिला खरंच आवडायचं. खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून त्यांवर पाणी मारलेलं असायचं. तंबोरे लागले की बोलणं आपोआप बंद व्हायचं. बाहेर रेल्वेची शिट्टी झाली तरी कुणी मान वळवायचं नाही. गाणारा एकाच सुरावर रेंगाळत बसायचा आणि त्याला घाई करा म्हणणारं कुणी नसायचं. अशा वेळी करुणाला राहूची पौर्णिमा आठवायची आणि अंगावर काटा यायचा. तिथं कर्णा कुईं करायचा, पोरं रडायची, चहाचे कप डोक्यांवरून पुढं जायचे, आणि ऐन कडव्याच्या मध्यात कुणीतरी नोट उंच धरून स्टेजकडं निघायचं.

ही नोटेची रीत जुनी. गाणं मनाला भिडलं की ऐकणाऱ्यानं उठायचं, नोट दोन बोटांत डोक्यावर धरून स्टेजपाशी जायचं आणि गाणाऱ्याच्या कानात नाव सांगायचं. गाणं तिथंच थांबतं, नाव कर्ण्यावरून पुकारलं जातं, मग ढोलकीवर थाप पडते आणि गाणं जिथं सोडलं तिथून पुढं निघतं. नोट केवढीही असो, नाव सारख्याच आवाजात पुकारतात.

गेल्या उन्हाळ्यात खंडू म्हणाला होता की तुमचं ते दौंडचं गाणं मला एकदा दाव. करुणानं आढेवेढे घेतले, शेवटी या म्हणाली. तो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आला आणि तिनं दाखवलं तिथं, शेवटच्या रांगेत, गुडघ्यांवर हात ठेवून बसला. सुरुवातीला देणगीदारांची नावं वाचून झाली, ती बराच वेळ चालली. मग पुण्याचे गवई बसले. त्यांचा आवाज हळूहळू चढत गेला आणि एका जागी असा काही स्थिरावला की हॉलमधली माणसं श्वास धरून बसली. तेवढ्यात खंडू उठला. दहाची नोट दोन बोटांत डोक्यावर धरून, डोळे भरलेले, तो मधल्या वाटेनं स्टेजकडं चालू लागला.

माना वळल्या. कुणीतरी हसलं. करुणा धावत गेली, त्याच्या आडवी उभी राहिली आणि तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"काका, कार्यक्रम चालू असताना उठायचं नसतं. बसून घ्या."

खंडूनं नोट खाली घेतली. वैष्णवी मॅडमनी जवळ येऊन हळूच विचारलं, ओळखीचे आहेत का गं? करुणा म्हणाली, "आमच्या गावचे आहेत." खंडू तेव्हा हातभर अंतरावर होता.

तो रागावला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. एसटीची वाट बघताना त्यानं चहा सांगितला आणि आपलं काय चुकलं ते विचारलं, अगदी मनापासून. करुणाची मान खाली होती, आणि मान खाली असली की माणूस फार बोलतो. तिनं त्याला सगळे नियम समजावून सांगितले. तिथं टाचणी पडली तरी ऐकू येते, आप्पा. आपल्याकडं नुसता गोंधळ. ज्याला गाणं कळतं तो मध्येच उठत नाही.

"व्हय," खंडू म्हणाला होता. "गोंधळ हायच आपल्याकडं."

'काका' हा शब्द त्यानं ऐकला की नाही, हे तिला अजून माहीत नव्हतं. विचारायचं धाडस वर्षभर झालं नव्हतं. कर्कश माईकमुळं नसेल ऐकला, असं ती स्वतःला सांगायची, आणि त्या हॉलचा माईक किती चांगला होता हेही तिला आठवायचं.

दिवेलागणीला माणसं जमली. नव्या लुगड्यातल्या बायका खुर्च्यांच्या कडेवर अंग चोरून बसल्या. पहिल्या रांगेत सोसायटीचे चेअरमन बबनराव होते. दरसाल ते रस्त्यावर मोटारसायकल उभी करून घटकाभर ऐकायचे आणि निघून जायचे. यंदा खंडूनं त्यांना घरी जाऊन बोलावलं होतं. खुर्च्या आहेत म्हटल्यावर तेही आले.

करुणाच्या शेजारी पुतळाबाई बसली. तिला करुणा लहानपणापासून आत्या म्हणायची. पुतळाबाईचा सम्राट रांजणगावला कंपनीत लागला होता आणि पहिल्याच वर्षी कामावर जाताना गाडीखाली गेला. तेव्हापासून खुरपणीच्या पैशातली एक नोट ती पौर्णिमेला त्याच्या नावानं देत आली होती. केंदूरच्या गायन पार्टीची साळूबाई ते नाव पुकारायची, राहूच्या पुतळाबाईंकडून, चिरंजीव सम्राट यांच्या नावानं. त्या वेळी मैदान कुणी न सांगता गप्प व्हायचं. पोरंसुद्धा. मग ढोलकीवर थाप पडायची आणि पुतळाबाई पदरानं तोंड पुसत परत जागेवर येऊन बसायची.

साळूबाई स्टेजवर आली, पेटीवाला आणि ढोलकीवाला बसले. एरवी ती आल्या आल्या पुढच्या बायकांची चेष्टा करायची, कुणाच्या सुनेला नाव घ्यायला लावायची. यंदा खंडूनं तिला बजावलं होतं की मध्ये बोलायचं नाही, गाण्यामागं गाणं म्हणायचं. तिनं बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींना हात जोडले आणि सुरू केलं.

आवाज तोच होता. पण समोरून काही परत येत नव्हतं. गाणं संपलं की टाळ्या पडायच्या, बेताच्या, आणि लगेच थांबायच्या. एका म्हाताऱ्याच्या तोंडून चुकून "व्हय गं माय" निघालं, तर बाकीच्यांनी त्याच्याकडं पाहिलं आणि तो ओशाळून हसला. साळूबाई रांगांवरून नजर फिरवत होती. कोण उठतंय, कुणाचा हात वर होतोय, ते ती सवयीनं बघत होती. तिसऱ्या गाण्यात ती एक ओळ विसरली. पेटीवाल्यानं सावरून घेतलं.

खंडू कडेनं चवड्यांवर चालत होता. पोर कुरकुरलं की ओठांवर बोट ठेवायचा, कुणी खुर्ची सरकवली की हातानं सावकाश म्हणून खुणावायचा. मध्येच त्यानं लांबून करुणाकडं पाहिलं आणि दोन बोटं चिमटीत धरून खाली सोडल्यासारखं केलं. तिला आधी कळलं नाही. मग कळलं, तो टाचणी टाकून दाखवत होता.

करुणाला खुर्चीत बसवेना. ताठ बसलेली ही सगळी माणसं आपली माफी मागताहेत असं तिला वाटायला लागलं.

पुतळाबाईनं पदराची गाठ केव्हाच सोडली होती. घडी घातलेली नोट मुठीत होती. प्रत्येक गाण्याला ती थोडी पुढं सरकायची, बोर्डाकडं बघायची, परत मागं टेकायची. तिला वाचता येत नव्हतं, पण बोर्ड कशाचा आहे ते सगळ्यांना सांगून झालं होतं. शेवटी ती करुणाच्या कानाशी वाकली.

"करुणा, तुमच्या तिकडं नावं कवा घेत्यात गं?"

करुणाला देणगीदारांची ती यादी आठवली. तिकडं नावं घ्यायचे, पण ज्यांची घ्यायचे त्यांना नोट मुठीत घेऊन बसावं लागत नव्हतं.

"शेवटाला घेत आसत्याल," पुतळाबाई स्वतःच म्हणाली आणि वाट बघत राहिली.

साळूबाईनं घड्याळाकडं पाहून शेवटचं गाणं धरलं. एका लेकराला निजवणाऱ्या आईचं ते गाणं होतं, आणि दरसाल पुतळाबाई याच गाण्याला उठायची. करुणानं तिच्या मुठीवर हात ठेवला.

"द्या आत्या. मी सांगते नाव."

नोट दोन बोटांत डोक्यावर धरून ती रांगेतून बाहेर आली आणि मधल्या वाटेनं निघाली. माना वळल्या. स्टेजवर साळूबाईचा चेहरा एकदम उजळला आणि आवाजात जीव आला, ढोलकीवाल्यानं थाप द्यायला हात उचलून धरला. करुणा बबनरावांच्या खुर्चीपर्यंत पोचली असेल तोवर खंडू कडेनं लगबगीनं आला, तिच्या आडवा उभा राहिला आणि त्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"ताई, कार्यक्रम चालू असताना उठायचं नसतं. बसून घ्या."

शब्द तेच होते, एक सोडून. म्हणजे त्यानं तेव्हा सगळं ऐकलं होतं. करुणानं त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. असता तर तिला बरं वाटलं असतं. पण खंडू आनंदात होता. आपण बरोबर बोललो ना, एवढंच त्याच्या डोळ्यांत होतं.

"आप्पा, पुतळाआत्यांची नोट आहे. सम्राटच्या नावाची."

खंडूची नजर नोटेवर गेली. क्षणभर त्याचा हात खाली आला. मग त्यानं बबनरावांकडं पाहिलं, सरळ रांगांकडं पाहिलं.

"आता न्हाई," तो हळू आवाजात म्हणाला. "तूच म्हनली व्हतीस ना. ज्याला कळतं त्यो उठत न्हाई."

बबनरावांनी मान वाकडी करून विचारलं, "कोण रं ही, खंडू?"

खंडूनं बिल्ल्याची फीत नीट केली.

"माझी लेक, करुणा. दौंडला बँकेत हाय. हे समदं तिनंच शिकवलं आमाला."

हे तो कुजबुजला नाही. आजूबाजूच्या दोन रांगांनी ऐकलं आणि बायका करुणाकडं कौतुकानं बघू लागल्या. स्टेजवर ढोलकीवाल्यानं उचललेला हात मांडीवर ठेवला. साळूबाईनं शेवटचं कडवं म्हणून टाकलं आणि हात जोडले. बेताच्या टाळ्या पडल्या. मग आभाराचं भाषण सुरू झालं, ते बबनरावांच्या नावानं सुरू झालं.

करुणा परत येऊन बसली. पुतळाबाईनं काही न विचारता हात पुढं केला, नोट घेतली, तिची घडी होती तशी घातली आणि पदराला गाठ मारली. गाठ घट्ट बसली का ते दातांनी ओढून पाहिलं.

"आत्या," करुणा म्हणाली, "चूक माझी..."

पुतळाबाईनं घाईनं स्टेजकडं पाहिलं. तिकडं अजून कुणीतरी बोलत होतं. तिनं खंडूनं शिकवल्याप्रमाणं आपल्या ओठांवर बोट ठेवलं आणि करुणाला गप्प बसायला खुणावलं.