सकाळी शिकलेले शब्द

“खोकल्याला काय म्हनायचं?”

“खसौ.”

“खसौ. आन् धाप लागली तर?”

“छ्वान,” म्हाताऱ्याने सांगितले आणि तेवढ्यानेच त्याला धाप लागली. रंगुबाई त्याची पाठ चोळत राहिली.

नगरात दात बसवणारा हा चिनी तीस वर्षे गिऱ्हाइकांशी अस्सल नगरी मराठीत भांडला होता. बासष्टच्या लढाईनंतर तर त्याने आपली भाषा घरातही उच्चारली नाही. आता छातीच्या दुखण्याने इस्पितळात पडला होता. संध्याकाळी ताप चढला की मराठी पार विसरायचा. काय होतेय ते डॉक्टरांना कळेना. म्हणून सकाळी ताप उतरला की तोच बायकोला संध्याकाळचे शब्द शिकवी. कफ म्हणजे थान, दुखणे म्हणजे थुंग. रंगुबाईला अक्षरओळख नव्हती, ती घोकून पाठ करी. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याची भाषा शिकायची आणि तीही अशी, याचे तिला फार वाईट वाटे.

त्या संध्याकाळी तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

“अहो, छ्वान? थुंग?”

तो हलला नाही. ‘अहो’ त्याला आता कळत नव्हते. डॉक्टरांनी केसपेपरवरचे नाव वाचून हाक मारली, पण त्यांचा उच्चार भलताच.

“बाई, तुम्ही घ्या नाव. तुमचं ऐकतील.”

“नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, डाक्टर?”

नाव तिला पक्के ठाऊक होते. लढाईपासून चिनी म्हणून पोलीस ठाण्यात दर महिन्याला द्याव्या लागणाऱ्या हजेरीला तो ते सांगे आणि ती दाराशी उभी असे. पण लग्नातल्या उखाण्यातही तिने ‘दातवाले’ म्हणून वेळ मारून नेली होती. ती त्याच्या कानाशी वाकली. सगळा वॉर्ड बघत होता. तिने पदर सावरला.

“सकाळी त्यांनाच इचारते, घिऊ का म्हनून.”

सकाळ त्याने पाहिलीच नाही.

तिसऱ्या दिवशी ती मृत्यूची नोंद करायला गेली. शेजारची चांगुणा सोबत होती. अशा वेळी नाव दुसऱ्याने सांगायचे, म्हणून चांगुणा पुढे झाली. पण तिला नाव कुठे माहीत होते? अख्ख्या गल्लीलाच नव्हते.

“मी सांगते,” रंगुबाई म्हणाली. “लियू छांगशान.”

कारकुनाला लिहिता येईना. तिने पुन्हा सांगितले, सावकाश, एकेक अक्षर सुटे करून. त्याने लिहिले, टीपकागदाने शाई टिपली, वही मिटली.

रंगुबाईने आणखी एकदा नाव घेतले.