ढगाळ आठवडा

भोवतीचा बर्फ वितळून हिमनदीवरचा हवामान मोजणारा खांब पुन्हा कलंडला होता. ताई तिथल्या निरीक्षक. खांदे भरून आले होते, तरी त्या बर्फात नवं भोक पाडायला बसल्या.

सोबत आलेला धाकटा भाऊ वैतागला. "आठवडाभर ऊन नाही, ताई. मग बर्फ वितळला कसा?"

"ढगांनी रात्री गारठा पडू दिला नाही. त्यात हा उबदार वारा. शिवाय बर्फ धुळीने काळवंडलाय, ढगांतून येईल तो उजेडही शोषतो."

"मग थांबणार कधी?"

"ताजं पांढरं हिम पडलं की. ते उजेड परतवून लावतं."

संध्याकाळी खरंच हिम भुरभुरलं. दोघं आशेने तंबूबाहेर आले. थोड्याच वेळात त्याचा पाऊस झाला.

ताई पुन्हा खांबाकडे वळल्या. भावाने त्यांचे ओले हातमोजे काढून घेतले. "आत चल," तो म्हणाला, "जरा आडवी हो."