वेरीनची चारशे बारा नाणी

डेस ट्रेवेनाने घर विकलं, गाडी विकली, कुत्रा शेजाऱ्यांना देऊन टाकला, आणि मग येऊन नोरीन पॅस्कोला विचारलं, "त्या धक्क्यावरच्या सराईची किंमत काय सांगशील?"

सराई त्यांच्या मूनटा गावात नव्हती. वाटसरूंच्या मुक्कामाची ती जागा वेरीन नावाच्या देशात थुल नदीच्या काठी होती, आणि वेरीन हा खेळातला देश गेली अकरा वर्षं दर रविवारी दुपारी दोन ते सहा नोरीनच्या मागच्या व्हरांड्यात भरायचा. नोरीन देशाची हकीकत सांगायची, बाकीचे तिघे त्या देशात आपापलं माणूस चालवायचे, आणि अडलं की फासे टाकायचे. डेसचा माणूस ब्रॅम, एका गुडघ्याने अधू झालेला भाडोत्री शिपाई. शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या ग्लेनिसची चोरटी नावाडीण. आणि मासे तळून विकणाऱ्या थिओचा एक गलेलठ्ठ मांत्रिक, ज्याचा मंत्र पाचांपैकी चार वेळा फसायचा. मूनटातल्या लोकांना हे चार म्हातारे तिथे बसून काय करतात याचं मोठं कोडं होतं. सोडवायला मात्र कोणी फिरकलं नाही, ते बरंच झालं.

डेस पुढच्या आठवड्यातल्या मंगळवारी विमानाने दूर पश्चिमेला पर्थला मुलीकडे चालला होता, कायमचा. सत्तरी उलटली होती, डोळे गेल्यात जमा होते. ब्रॅमने मात्र पहिल्याच वर्षी जाहीर केलं होतं की एक दिवस तो ती सराई विकत घेईल आणि तलवार चुलीवर टांगेल. आता एकच रविवार उरला होता.

"पुढच्या रविवारी सांगते," नोरीन म्हणाली.

"नीट हिशेबाने सांग हं. मी जाणार म्हणून स्वस्तात लावलीस तर मला कळेल."

कळलंच असतं. नोरीनने तीस वर्षं बेकरी चालवली. संध्याकाळचा उरलेला पाव ती अर्ध्या किमतीत द्यायची, तेव्हा सगळ्या गावात हा एकटा पूर्ण पैसे ठेवून जायचा. आणि वेरीनमध्ये पहिल्या दिवसापासून एक नियम होता: फुकट काही नाही. त्या नियमावरून थिओ एकदा तीन आठवडे बोलत नव्हता.

वेरीनचं नाणं म्हणजे जुनी तांब्याची पेनी, कांगारू असलेली. सहासष्ट साली सरकारने पेनी बंद करून नवा पैसा आणला तेव्हा डेसच्या बापाने आपल्या पेन्या बदलून घेतल्या नाहीत. सरकार महिन्याभरात नाक मुठीत धरून परत येईल, अशी त्याची खात्री होती. सरकार आलं नाही. पेन्या बिस्किटाच्या डब्यात राहिल्या, बाप गेला, आणि खेळ सुरू झाला तेव्हा डेसने तो डबा नोरीनच्या टेबलावर आणून आदळला. चारशे बारा नाणी. ब्रॅमला मजुरी मिळाली की डब्यातून निघायची, त्याने खर्च केली की डब्यात जायची. आणि आपल्या माणसाची कमाई ज्याने त्याने घरी न्यायची, पुढच्या रविवारी परत आणायची. नाणं घरी असेल तोवर माणूस खेळात. पूर्वी त्यांच्यात खेळणारा मर्व वारला तेव्हा त्याची बायको पाकिटात घालून त्याची अकरा नाणी देऊन गेली, आणि त्या दिवशी सगळ्यांना खरं वाटलं की मर्व वारला.

सोमवारी नोरीन जुन्या वह्या घेऊन बसली. किंमत काढायची तर पावापासून सुरुवात करायची, एवढं तिला कळत होतं. माणूस दिवसभर राबून किती पाव घरी नेतो हे समजलं की घोडा, घर, सराई, सगळं त्यावरून काढता येतं. पहिल्या वर्षीच्या वहीत पाव दोन नाण्यांना होता आणि घोडा चाळीसला. पाचव्या वर्षी पाव एकाला. गेल्या वर्षीच्या वहीत घोडा बाराला होता, आणि पावापुढे तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "अंडी घेऊन पाव देतात."

आपण असं का लिहिलं, हे तिला आठवेना. वेरीनमध्ये वाईट दिवस आले आहेत एवढंच ती सांगत आली होती. बाजार ओस, पूल पडलेला, गावकरी मजुरीऐवजी सलगम हातावर ठेवणारे. तिघांनी त्यावर उपाय म्हणून एक जुलमी कर-अधिकारी नदीत बुडवला होता. दोन वर्षांनी दुसरा बुडवला. दिवस काही पालटले नाहीत.

गुरुवारी तिने डबा टेबलावर उपडा केला. नाणी शंभर निघाली.

आता तिला उलगडलं. डबा रिकामा होत चालला तशी ती हात आखडत गेली होती. दहाच्या जागी चार, चारच्या जागी एक. आणि आपण का आखडतो आहोत हे कळू नये म्हणून तिने दुष्काळ रचला, अधिकारी रचले. थिओ उधळ्या, ग्लेनिसकडे कधी चार-सहाच्या वर टिकत नाही. मग बाकीची कुठे होती ते वेगळं सांगायला नको होतं. डेस आपली नाणी फुटबॉलच्या जुन्या मोज्यात आणायचा. अलीकडे तो मोजा टेबलावर ठेवला की चहा हिंदकळायचा.

तिला आधी हसू आलं, मग तिने सराईचा हिशेब मांडला. आजच्या भावाने सराई तीस नाण्यांना बसत होती. डेस तीस टाकेल, सराई घेईल, आणि उरलेला मोजा घेऊन विमानात बसेल. नाणी त्याच्या बापाची. कुठल्या तोंडाने मागायची? मागे वेरीन शंभर नाण्यांवर धुगधुगत राहील आणि हिवाळ्यापर्यंत संपेल. त्यापेक्षाही तिला एक गोष्ट लागली. अकरा वर्षं या माणसाने जमवलं त्याचं चीज होईल अशी काही जागाच तिने वेरीनमध्ये शिल्लक ठेवली नव्हती.

रविवारी वाळवंटाकडून उत्तरेचा गरम वारा सुटला होता. ग्लेनिसने पास्ट्या, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या भाजक्या करंज्या, आणल्या होत्या. त्यांत गाजर घातलेलं बघून नोरीनने नेहमीप्रमाणे नाक मुरडलं.

"तीस," तिने किंमत सांगितली.

"तीस?" ग्लेनिस म्हणाली. "मी होडीला चाळीस मोजले होते, बाई. आणि होडीला भोक होतं."

"तेव्हा तो भाव होता. हिशेब दाखवते, हवा तर."

डेसने वही डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिली. मग मोज्यातून तीस नाणी काढली. ब्रॅम सराईचा मालक झाला. त्याने तलवार टांगली, चूल पेटवली, दार उघडलं.

"कोण येतं?" डेसने विचारलं. त्याचा चेहरा लग्नघरातल्यासारखा खुलला होता.

नोरीनने खरं तेच सांगायचं ठरवलं होतं. "पहिल्या दिवशी एक कोळी आला. दोन मासे पुढे केले आणि म्हणाला, यांत सूप मिळेल का?"

"दिलं. उद्या?"

"एक म्हातारी. अंडी घेऊन."

"परवा?"

"कोणी नाही."

"तेरवा?"

"नदीला पाणी आहे. होडी चालू आहे. पण उतरून कोणी आत येत नाही, डेस."

डेसने चष्मा काढला. "अकरा वर्षं थांबलो मी. परवा मी चाललोय, नोरीन, आणि तू मला रिकामी सराई देतेस?"

"मी दिली नाही. तू घेतलीस," नोरीन म्हणाली. तिचा आवाज तिला हवा त्यापेक्षा कडक निघाला. मग तिने डबा पुढे ओढला आणि गुरुवारचं सगळं सांगितलं. शंभर नाणी, आज त्यांत तीस आली. थिओकडे एकोणीस, ग्लेनिसकडे सहा. "बाकीची तुझ्या मोज्यात. वेरीनमध्ये सूप प्यायला यायचं तर कोणाच्या खिशात नाणं आहे का?"

ग्लेनिसने पास्टी खाली ठेवली.

"म्हणजे आपण दोन माणसं बुडवली," ती म्हणाली, "आणि देश बुडवणारा इथे मोजा घेऊन बसलाय."

"दुसऱ्याला तर तीन मुलं होती," थिओ म्हणाला.

डेस हसला नाही. मोजा मांडीवर घेऊन तो चाचपत राहिला. "बाबा दर रविवारी डबा काढून मोजायचा," तो म्हणाला. "आई म्हणायची, चर्चला देऊन टाका, मुलांना खेळायला द्या. तो म्हणायचा, असू दे, उपयोगाला येतील. एकदा मी त्यातली एक घेऊन दुकानात गेलो. दुकानदार हसला. मी बाबाला सांगितलं नाही कधी."

"मला तुला दुखवायचं नव्हतं," नोरीन म्हणाली.

"हिशेब बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे."

"मग झालं." त्याने चष्मा घातला. "ब्रॅम सुताराला बोलावतो. छप्पर गळतंय."

"छप्पर गळत नाही."

"जुनं आहे, गळेलच. सुतार किती मागतो?"

"आजच्या भावाने आठवड्याला दोन."

"सहा दे त्याला. आणि दोन सुतार. गवंडीही हवा, तो पूल पडलाय त्याच्याकडे बघायला. तुम्ही बसलात काय नुसते? थिओ, तुझा मांत्रिक मोकळाच आहे, त्याला सांग गावोगाव फिरायला. ब्रॅमला माणसं पाहिजेत."

चार वाजेपर्यंत पूल उभा राहिला. पाच वाजता कुंभार, विणकरीण, तीन गाड्या धान्य आणि एक कामाचं नसलेलं गाढव झालं. गाढवाचे डेसने इतके जास्त दिले की ग्लेनिसने डोक्याला हात लावला. प्रत्येक वेळी तो मोज्यात हात घालायचा आणि नाणी डब्यात टाकायचा. डबा भरत गेला, तसा नाण्यांचा आवाज बदलला. नोरीन सांगत होती, आणि कितीतरी वर्षांनी तिला काही रचावं लागत नव्हतं. सुताराने बायकोला चपला घेतल्या. चपलावाल्याने पाव घेतला, नाणं देऊन. गवंडी पोराबाळांसह जत्रेला गेला. सहाला दहा मिनिटं असताना डेसने मोजा उलटा करून झटकला. काही पडलं नाही.

"संपले," तो म्हणाला. "दार उघडं आहे. आता बघ कोण येतं."

"संध्याकाळी पुलावरून कोळी..." नोरीनने सुरुवात केली.

"कोळ्याला जरा थांबायला सांग," ग्लेनिस म्हणाली. "आधी मी. नावाडीण आत येते, पाय पुसत नाही. ए मालक, पास्टी आहे का?"

"आहे. गाजर नाही घालत आम्ही."

"केवढ्याला?"

डेसने नोरीनकडे पाहिलं. नोरीनने मान हलवली. तुझी सराई, तू सांग.

"एक नाणं."

"लूट आहे," ग्लेनिस म्हणाली, आणि तिने सहातलं एक काढून त्याच्यासमोर ठेवलं.

सहा वाजले. थिओने फासे गोळा केले. नोरीनने डबा डेसकडे सरकवला, कारण डबा त्याचा होता आणि ती वेळ तिला लांबवायची नव्हती. त्याने तो तसाच मागे सरकवला.

"राहू दे इथे. बाबाचे पैसे आज पहिल्यांदा चालले."

मग त्याने ग्लेनिसने समोर ठेवलेली पेनी उचलली. नोरीनला मर्वचं पाकीट आठवलं; हाही आपलं नाणं परत करणार, असं तिला वाटलं. तिने डब्याचं झाकण उघडंच ठेवलं आणि नजर दुसरीकडे वळवली. डेसने पेनी शर्टाच्या खिशात टाकली आणि खिशाचं बटण लावलं. ते लावायला त्याला दोनदा चाचपावं लागलं.

"पुढच्या रविवारी किती वाजता?" त्याने विचारलं.

"दोन वाजता," नोरीन म्हणाली. "पर्थच्या घड्याळात तेव्हा साडेअकरा. फोन जवळ ठेव, आणि तुझे फासे तू टाक. खोटं बोललास तर मला कळेल."

सगळे गेल्यावर तिने डबा मोजला. तीनशे सत्त्याऐंशी. बाकीची पंचवीस लोकांकडे होती. तिने नवी वही काढली आणि पहिल्या पानावर पास्टीचा भाव लिहिला.