घरचा आकडा

मित्रांनो, रक्तदाब मोजणारे एक जुने यंत्र तुमच्याशी बोलते आहे. माझा पट्टा आता नीट चिकटत नाही आणि बटणावरचे चित्र बोटांनी घासून पुसले गेले आहे. तरी माझे डोके ठिकाणावर आहे. हे मुद्दाम सांगते, कारण एके काळी घरच्यांनी मला चक्क वेड्यात काढले होते.

माझा जन्म कारखान्यातला. तिथे आम्हा भावंडांची एकेक करून परीक्षा घेतली आणि पास झालेल्यांनाच खोक्यात भरले. दुकानातून मी मास्तरांच्या घरी आले. हे मास्तर शाळेतले नव्हेत, कपडे शिवणारे. त्यांचा मुलगा नोकरीसाठी परगावी निघाला, तेव्हा त्याने मला आईच्या हाती दिले आणि बाबांच्या रक्तदाबावर लक्ष ठेव म्हणून बजावले.

काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोने, ते मनावर घेतले. मास्तरांच्या थोरल्या भावाचा उजवा हात याच दुखण्यापायी लुळा पडला होता. तेही शिंपीच होते. त्यानंतर त्यांना कात्री धरता आली नाही. म्हणून रोज सकाळी काकू मास्तरांना टेबलापाशी बसवत, पाठ टेकवायला लावत आणि गप्प राहायला सांगत. मास्तरांना गप्प बसणे म्हणजे शिक्षाच. मग मी फुगत असे, हळूहळू सैल होत असे आणि आकडा दाखवत असे. तो रोज चढा येई.

दवाखान्यात मात्र मास्तरांचा आकडा अगदी शहाण्यासारखा! मग दोष कोणाचा? अर्थात माझा. मास्तरांनी सेल बदलून पाहिले, मला दोन टपल्या मारल्या आणि आपला जन्म मापे घेण्यात गेला आहे, हे मशीनच बिघडले आहे, असे ऐटीत जाहीर केले. माझी रवानगी कपाटावर झाली. तिथे मी धूळ खात पडले. खूप वाईट वाटले.

काकूंना मात्र चैन पडेना. पुढच्या खेपेला त्यांनी मला पिशवीत घालून दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी आधी आपल्या यंत्राने रक्तदाब मोजला, थोडे थांबून त्याच दंडावर मला बांधले. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच आले. मी ठणठणीत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

काही जणांचा रक्तदाब डॉक्टरांना पाहून वाढतो, काहींचा दवाखान्यात बरा आणि घरी चढा असतो, असे डॉक्टर समजावू लागले. बोलता बोलता त्यांनी मास्तरांना रक्तदाबाची आजची गोळी घेतली का, असे विचारले.

“घेतली की,” मास्तर म्हणाले. “तुमच्याकडे यायचं असलं की न चुकता घेतो.”

“आणि एरवी?”

मास्तर खाली बघू लागले. मग हळूहळू सगळे बाहेर आले. त्रास काहीच होत नाही, मग रोज कशाला, असे त्यांना वाटे. पण गिऱ्हाईक यायच्या वेळी कपड्याला इस्त्री करून ठेवावी, तशी दवाखान्याच्या दिवशी ते गोळी घेत.

डॉक्टर रागावले नाहीत. दवाखान्यातला आकडा एका सकाळचा आणि घरचा बाकी सगळ्या दिवसांचा, एवढेच ते म्हणाले. काकूंचे डोळे भरून आले होते.

“डॉक्टरांसाठी घेतलीत,” त्या म्हणाल्या. “माझ्यासाठी एक दिवस घ्यावीशी वाटली नाही?”

 मास्तरांनी माझा पट्टा स्वतः गुंडाळला.

त्या दिवसापासून ते रोज गोळी घेऊ लागले. आकडा खाली यायला वेळ लागला, पण आला. मास्तरांची कात्री अजून सरळ चालते.

मित्रांनो, तुमच्या घरी माझे एखादे भावंड असेल, तर त्याचा पट्टा जपा, सेल वेळेवर बदला, अधूनमधून डॉक्टरांच्या यंत्राशी ताडून पाहा. आणि आकडा नकोसा आला, तर ज्याच्या दंडाला पट्टा बांधला आहे, त्याला जवळ बसून विचारा, औषध घेतलं का? मला मोजता येते. विचारता येत नाही.